कील १९०४पासून अजिंक्य? हँडबॉलवरच्या फिरत्या मेसेजला मुद्देसूद उत्तर

शालेय स्पर्धांचे दिवस जवळ आले की ठाणे आणि नवी मुंबईतल्या पालकांच्या नि क्रीडाशिक्षकांच्या ग्रुपवर हँडबॉलविषयीचा एक लांबलचक मेसेज हमखास फिरतो. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: जर्मनीचा टीएचडब्ल्यू कील हा १९०४पासूनचा हँडबॉल संघ, दरवर्षी तोच विजेता. पाठीशी बड्या फुटबॉल क्लबचा पैसा, संघात सगळे साडेसहा फुटी, दिमतीला वातानुकूलित अरीना. २०१२ साली सगळे सामने जिंकले ते लीग कच्ची होती म्हणून. आपल्याकडे उंची नाही, मैदान नाही, पैसा नाही, तेव्हा मुलाला हँडबॉलला घालणं म्हणजे वर्ष वाया. महाराष्ट्राचा कील हवाच असेल तर तो प्रीमियर हँडबॉल लीगमधल्या महाराष्ट्र आयर्नमेन या फ्रँचायझी संघाच्या रूपात विकत मिळालेला आहे.

हे वाचून पालक मुलाचं नाव काढून घेतात. म्हणून एकेक दावा तपासणं भाग आहे.

१९०४ हे साल खरं आहे. ४ फेब्रुवारी १९०४ला कीलमधल्या हासे आणि विंटरबेक या भागांच्या नावाने संस्था निघाली. पण ती जिम्नॅस्टिक्सची, म्हणजे व्यायाम मंडळाची. हँडबॉलचा संघ तेव्हा असणं शक्यच नव्हतं, कारण आजच्या हँडबॉलचे नियम माक्स हाइझर यांनी बर्लिनमध्ये २९ ऑक्टोबर १९१७ला लिहिले, तेही महिलांच्या खेळासाठी. १९१९मध्ये कार्ल शेलेन्झ यांनी त्यांत बदल केले आणि मग खेळ पुरुषांत पसरला. कीलच्या मंडळात हँडबॉल विभाग १९२३मध्ये सुरू झाला. तोही फुटबॉलएवढ्या गवती मैदानावर, एका बाजूला अकरा खेळाडू घेऊन. कीलची पहिली दोन राष्ट्रीय अजिंक्यपदं, १९४८ आणि १९५०ची, या मैदानी हँडबॉलमधली आहेत. छपराखालच्या, सात-सात खेळाडूंच्या खेळातलं पहिलं विजेतेपद आलं १९५७ला. आपल्याकडच्या जुन्या व्यायामशाळांतून जसे कबड्डीचे संघ निघाले, तसाच हा प्रवास आहे.

'दरवर्षी विजेता' हा दावा तर आकड्यांपुढे उभाच राहत नाही. १९६२ आणि १९६३ला कील जिंकला आणि त्यानंतरचं विजेतेपद थेट १९९४चं. मध्ये तीस वर्षं काहीच नाही. बुंडेसलीगा, म्हणजे जर्मनीची वरची हँडबॉल लीग, सुरू झाली १९६६ला, म्हणजे लीगच्या पहिल्या पिढीत कीलचं नाव विजेत्यांच्या यादीत नाही. तो काळ गुमर्सबाख या क्लबचा होता. १९९४पासून कीलने धडाका लावला हे खरं. २०२३चं धरून छपराखालच्या खेळातली एकूण २३ विजेतेपदं झाली. पण या सुवर्णकाळातही लेमगो, माग्डेबुर्ग, फ्लेन्सबुर्ग, हाम्बुर्ग आणि राइन-नेकार लोव्हेन यांनी मध्येमध्ये विजेतेपद नेलंच. २०१६ ते २०१९ अशी सलग चार वर्षं कीलला लीग जिंकता आली नाही.

जिंकलेल्या वर्षांतही काही हातातोंडाशी येऊन निसटता निसटता राहिलेली आहेत. २०१४ची शेवटची फेरी पाहा. कील आणि लोव्हेन यांचे गुण सारखे होते आणि गोलफरकात लोव्हेन सात गोलांनी पुढे. त्या दिवशी लोव्हेनने गुमर्सबाखला ४०-३५ हरवलं, म्हणजे फरकात आणखी पाचची भर. कीलला नुसतं जिंकून भागणार नव्हतं, किमान तेरा गोलांनी जिंकायला हवं होतं. त्यांनी बर्लिनला ३७-२३ हरवलं, चौदा गोलांनी. चौतीस सामन्यांच्या हंगामाचा निकाल दोन गोलांवर लागला. आणि जेमतेम आठवड्याभराने चॅम्पियन्स लीगच्या, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेच्या, अंतिम सामन्यात फ्लेन्सबुर्गने कीलला ३०-२८ असं, पुन्हा दोनच गोलांनी हरवलं. स्पर्धेत आमच्या मुलांना आम्ही हा हंगाम आवर्जून सांगतो. सामना हातात आला की शेवटची पाच मिनिटं चेंडू फिरवत काढायची सवय इथे फार आहे. गटसाखळीत गोलफरक मोजला जातो हे तेव्हा कुणाच्या लक्षात नसतं.

आता २०११-१२ची ६८-० ही गुणसंख्या. विजयाला दोन गुण, अठरा संघ, चौतीस सामने, चौतीस विजय. लीग कच्ची होती का, याचं उत्तर युरोपच्या निकालांत आहे. त्याच मोसमात कीलने कोलोन शहरात अटलेटिको माद्रिदला २६-२१ हरवून चॅम्पियन्स लीग जिंकली. २०१३ला ती हाम्बुर्गने जिंकली आणि २०१४ला फ्लेन्सबुर्गने. सलग तीन वर्षं युरोपचा विजेता जर्मन, आणि दरवेळी वेगळा. कच्च्या लीगमधून असे तीन संघ निघत नाहीत. कीलची चॅम्पियन्स लीगची चार विजेतेपदं म्हणजे २००७, २०१०, २०१२ आणि २०२०. शेवटचं कोविडमुळे लांबून डिसेंबरअखेर, रिकाम्या हॉलमध्ये, बार्सिलोनाला ३३-२८ हरवून आलं.

मेसेजच्या काही प्रतींत '२००७चा अंतिम सामना पंच विकत घेऊन जिंकला' अशी ओळ जोडलेली असते. तसा आरोप २००९मध्ये झाला होता. क्लबचे तेव्हाचे व्यवस्थापक आणि प्रशिक्षक यांच्यावर खटला चालला आणि कीलच्या न्यायालयाने जानेवारी २०१२मध्ये दोघांनाही निर्दोष सोडलं. आरोप पुढे पाठवणाऱ्याने निकालही पाठवायला हवा.

फुटबॉलच्या पैशाचा मुद्दा बार्सिलोनाचा आहे, तो कीलला चिकटवला गेला. बार्सिलोनाचा हँडबॉल विभाग १९४२पासून खरोखरच फुटबॉल क्लबचा भाग आहे. १९९६ ते २००० अशी सलग पाच वर्षं त्यांनी युरोप जिंकला. कीलमध्ये मात्र फुटबॉलचा क्लब वेगळा, होल्स्टाइन कील. तो फुटबॉलच्या बुंडेसलीगामध्ये पहिल्यांदा पोचला २०२४ला. तोवर हँडबॉलवाल्यांकडे २३ विजेतेपदं जमली होती. कोण कोणाच्या जिवावर, हे यावरून कळावं.

शहर तरी किती मोठं? कीलची वस्ती अडीच लाखांच्या आसपास, फ्लेन्सबुर्गची एक लाखाच्याही आत. २०११च्या जनगणनेत ठाणे महापालिकेची लोकसंख्या १८ लाखांवर आणि नवी मुंबईची ११ लाखांवर होती. कीलचं घरचं हॉल, ओस्टझेहाले, १९५१ला उभं राहिलं ते झिल्ट बेटावरच्या विमानांच्या हँगरचा जुना सांगाडा आणून. आज तिथे दहा हजार प्रेक्षक बसतात, पण सुरुवात अरीनाने झाली नाही.

कीलने पैसा ओतला, हे मान्य. विस्लांडर, काराबातिच, ओमेयर हे बाहेरून आणलेले खेळाडू आणि ते स्वस्तात आले नाहीत. पण पैसा ओतूनही दोनचार वर्षांत संपलेले क्लब जर्मनीतच आहेत. कीलचा फरक प्रशिक्षकांच्या यादीत दिसतो. १९९३ ते २००८ नोका सेर्दारुशिच, २००८ ते २०१९ अल्फ्रेद गिस्लासन आणि तिथून पुढे फिलिप यिखा, जो २००७ ते २०१५ याच संघातून खेळला होता. तीस वर्षांत तीन माणसं. संघाचा बचाव कसा उभा राहतो, पिव्होटला (बचावाच्या भिंतीत घुसून उभ्या राहणाऱ्या हल्लेखोराला) कोण सोडतं, कोण धरतं, हे दर दोन वर्षांनी नव्याने शिकवावं लागलं नाही. आपल्याकडे शाळेत शिक्षकाची बदली झाली की संघ शून्यावर येतो. आमच्या मते कीलकडून उचलायची गोष्ट ती हीच, आणि तिला पैसा लागत नाही. सरांनी बचावाची मांडणी, खुणा आणि सरावाचं वेळापत्रक वहीत लिहून पुढच्या सरांकडे द्यायचं, एवढंच लागतं.

उंचीबद्दल अर्धं बरोबर आहे. बॅक कोर्टवरून नऊ मीटरच्या बाहेरून फेकणाऱ्याला आणि ६-० बचावात (सहाही जण एका ओळीत) मधे उभं राहणाऱ्या दोघांना उंचीचा फायदा मिळतो. पण संघात सात जागा आहेत. स्वीडनचा ल्युबोमिर व्रान्येस १ मीटर ६६ सेंटिमीटर उंचीचा, म्हणजे साडेपाच फुटांच्याही आतला. तो मधून खेळ चालवायचा आणि तीनदा युरोपियन विजेता झाला. २०१४ला कीलला हरवणाऱ्या फ्लेन्सबुर्गचा प्रशिक्षकही तोच.

बुटक्या खेळाडूला उंची नसली तरी पावलं असतात, आणि इथे नेमकी तीच शिकवली जात नाहीत. नियम तीन पावलांचा आहे. पण चेंडू हवेत उडी मारून झेलला, तर जमिनीवर येण्याचा पहिला स्पर्श पाऊल धरला जात नाही. त्याला शून्य पाऊल म्हणायचं, त्यापुढे तीन मोकळी. ज्याला हे येतं तो उभ्याने चेंडू घेणाऱ्यापेक्षा एक स्पर्श पुढे असतो, आणि बचाव करणारा त्याच्या वेगाला पोचेपर्यंत तो खांद्याशेजारून निघून जातो. विंगवाल्याचं, म्हणजे कडेच्या कोपऱ्यातून खेळणाऱ्याचंही तसंच. डीच्या (गोलसमोरच्या, फक्त गोलरक्षकाच्या हद्दीच्या) बाहेरून उडी घेऊन तो डीवरच्या हवेत जातो, फक्त अंग खाली टेकायच्या आत चेंडू हातातून सुटला पाहिजे. कोपऱ्यातून सरळ गोलकडे उडी मारली तर कोन अरुंदच राहतो. सात मीटरच्या (पेनल्टीच्या) खुणेच्या दिशेने, आतल्या बाजूला झेप घेतली की हवेत असतानाच कोन उघडतो.

आयर्नमेनविषयी. महाराष्ट्र आयर्नमेनने जून २०२३मध्ये प्रीमियर हँडबॉल लीगचा पहिला हंगाम जिंकला, याचा अभिमान आहेच. पण तो हंगाम ८ ते २५ जून असा अठरा दिवसांचा, सहा संघांचा आणि सगळाच्या सगळा जयपूरला. फ्रँचायझी संघ आणि क्लब या दोन वेगळ्या गोष्टी. क्लबला घरचं मैदान असतं, खाली बारा-चौदा वर्षांच्या मुलांचे गट असतात, आणि वरचा संघ हरला तरी खालचे सराव बंद पडत नाहीत.

राहिला मैदानाचा मुद्दा. पूर्ण मैदान ४० बाय २० मीटर लागतं, शिवाय बाजूला एक आणि गोलमागे दोन मीटर मोकळी जागा. वाशी-नेरूळच्या किंवा घोडबंदरच्या बहुतेक शाळांत ती नाही. आहे ते बास्केटबॉलचं कोर्ट, २८ बाय १५. आणि मिनी हँडबॉलला २० बाय १३ लागतं. म्हणजे प्रत्येक गोलमागे चार मीटर आणि बाजूला एकेक मीटर सुटतं, बास्केटबॉलचा खांबही आड येत नाही. गोलरक्षक धरून पाच-पाच मुलं, २.४० बाय १.६० मीटरचा गोल. बारा वर्षांच्या आतल्या मुलांना याहून जास्त काही लागत नाही.

मोठ्यांसाठी पूर्ण मैदान आखताना मात्र एक चूक सगळीकडे दिसते. गोलच्या मधोमध खुंटी ठोकतात, सहा मीटरची दोरी फिरवतात आणि फक्कीने अर्धवर्तुळ काढतात. डी अशी नसते. गोल तीन मीटर रुंद. दोन्ही खांबांच्या आतल्या मागच्या कडेपाशी एकेक खुंटी हवी, तिथून सहा मीटर त्रिज्येचा एकेक पाव चाप, आणि समोर तीन मीटरची सरळ रेघ दोन्ही चापांना जोडणारी. अशी डी गोलरेषेवर मध्यापासून साडेसात मीटरवर टेकते आणि कोपऱ्यात फक्त अडीच मीटर उरतात. चुकीची डी सहावरच टेकते, कोपऱ्यात चार मीटर सुटतात. विंगवाला वर्षभर दीड मीटर आतून उडी मारायला शिकतो, आणि जिल्हा स्पर्धेत खऱ्या मैदानावर त्याचा प्रत्येक दुसरा फटका रेषेवर पाय पडल्याने बाद होतो. फ्री थ्रोची तुटक रेषाही त्याच दोन खुंट्यांवरून, नऊ मीटरने.

चेंडूतही हेच होतं. शाळेत एकच चेंडू असतो, तीन नंबरचा, ५८ ते ६० सेंटिमीटर घेराचा, ४२५ ते ४७५ ग्रॅमचा. तो सोळा वर्षांवरील मुलांचा आणि पुरुषांचा. दहा वर्षांच्या मुलाच्या हातात तो बसत नाही, मग तो तळव्यावर ठेवून ढकलतो. कोपर खांद्याच्या खाली राहतं आणि खांदा दुखायला लागतो. बारापर्यंतच्या मुलांना आणि चौदापर्यंतच्या मुलींना एक नंबर द्यावा (५० ते ५२ सेंटिमीटर, २९० ते ३३० ग्रॅम). त्यावरची मुलं सोळापर्यंत आणि मुली पुढेही दोन नंबरने खेळतात. हवा दगडासारखी भरू नये, अंगठ्याने दाबल्यावर किंचित दबली पाहिजे.

गोल जमिनीला बोल्टने पक्का करा. ते जमत नसेल तर मागच्या खालच्या पाइपवर वाळूच्या गोण्या ठेवा. मुलं आडव्या दांड्याला लोंबकळतात आणि सुटा गोल पुढे कोसळतो. पावसाळ्यात उघड्या सिमेंटवर शेवाळ धरतं. ब्रशने घासून, कोरडं करून मगच उड्यांचा सराव घ्यावा. तोवर वर्गाबाहेरच्या पॅसेजमध्ये जोडीजोडीने पास, शून्य पाऊल आणि बचावातलं बाजूचं सरकणं घेता येतं. जिल्हास्तर शालेय स्पर्धेत हँडबॉलला १४, १७ आणि १९ वर्षांखालील असे तीन गट आहेत. पाचवीत एक नंबरच्या चेंडूने सुरुवात केलेल्या मुलाला पहिल्या गटापर्यंत पोचायला तीनेक पावसाळे मिळतात.