४८ केबीचा हिशेब

आमची काकू रोज पहाटे गुलाबावर 'शुभ सकाळ' लिहिलेला फोटो पाठवते. तेवढा एक फोटोसुद्धा आमच्या पहिल्या काँप्युटरात मावला नसता.

१९८७ साली मामानं इंग्लंडहून कुणाचा तरी वापरलेला झेडएक्स स्पेक्ट्रम नावाचा छोटा काँप्युटर आणला. रबराची बटणं, ४८ केबी मेमरी (त्यातले जवळजवळ सात पडद्यावरच्या चित्रातच खर्च), आणि पडदा म्हणजे घरातला एकुलता एक टीव्ही. "याचा उपयोग काय?" बाबांनी पहिल्याच दिवशी विचारलं. मी बोलून गेलो, "घरखर्चाचा हिशेब!"

हिशेब राहायचा कॅसेटवर. टेपरेकॉर्डरची वायर खुपसायची, 'जे' दाबायचं की अख्खा 'लोड' शब्द उमटायचा, मग प्ले. टीव्हीच्या कडेला आधी लाल-आकाशी, मग निळे-पिवळे पट्टे पळायचे. अख्खी मेमरी भरायला चार-पाच मिनिटं लागायची. टेपचा आवाज जरा कमी-जास्त असला, तर अगदी शेवटी कळायचं: 'टेप लोडिंग एरर'. की पुन्हा रिवाइंड. आईनं कुकर लावला तरी मी "शूऽऽ" करायचो, जणू शिट्टी वायरीतून आत शिरणार होती. तोवर आईचा हिशेब तोंडी झालेला असायचा, तोही दुधाचे खाडे वजा करून. माझ्या प्रोग्रॅमला खाडे म्हणजे काय, तेच ठाऊक नव्हतं.

५ नोव्हेंबरला वानखेडेवर क्रिकेट विश्वचषकाचा भारत-इंग्लंड उपांत्य सामना. मी सकाळीच टीव्हीला वायर लावून बसलो होतो. शेजाऱ्यांसकट सगळ्यांनी मला वायरीसकट उचललं. गूचनं स्वीप मारमारून ११५ केले, आपण ३५ धावांनी हरलो. "शेवटी हेही इंग्लंडचंच ना!" बाबा स्पेक्ट्रमकडे बघत म्हणाले. गूच जणू त्यातच मुक्कामाला होता.

पुढे खाड्यांची सोय केली, पण ती सेव्ह करायला कोरी कॅसेट नव्हती. ट्रंकेवर एक सापडली, बिननावाची. काम फत्ते.

दुसऱ्या दिवशी पहाटे आजीनं देवापुढे निरांजन लावलं आणि देवळात टेप केलेलं आपलं आवडतं कीर्तन सुरू केलं. 'कुंईंईं... खर्रर्र...' मी अंथरुणात ताठ. आजीनं मात्र डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं आणि मग आईला हाक मारली,

"अगं, बुवांचा घसा फारच बसलाय. हळदीचं दूध नाही का देत कुणी त्यांना?"