लक्षद्वीप सहलीबाबतच्या आपल्या अभिप्रायास उत्तर

आदरणीय महोदय,

आपण दोन तारे देऊन लिहिले आहे की, कल्पेनी बेटावर उतरवले नाही, त्या दिवसाचे पैसे परत मिळाले नाहीत आणि मुलीने वेचलेले प्रवाळाचे तुकडे काढून घेण्यात आले. आपली नाराजी आम्ही समजू शकतो; नागपूरहून कोचीपर्यंतच्या रेल्वेप्रवासानंतर जहाजातूनच बेट पाहावे लागणे कोणालाही रुचणार नाही. तरीही दोन्ही तक्रारींचे मूळ एकच, म्हणजे प्रवाळभित्ती, असल्याने थोडे सविस्तर लिहीत आहोत.

कल्पेनीभोवतीचे लगून, म्हणजे बेट आणि प्रवाळभित्ती यांच्यामधले शांत पाणी, उथळ आहे आणि त्याच्या कडेला प्रवाळभित्ती आहे, त्यामुळे मोठे जहाज बाहेर खोल पाण्यात थांबते आणि प्रवाशांना भर समुद्रात छोट्या बोटीत उतरावे लागते. लाटा उंच असतील, तर जहाज आणि बोट यांच्यात पाऊल टाकणे तरुणांनाही धोक्याचे ठरते. आपल्यासोबत तर सत्तरी ओलांडलेल्या मातोश्री होत्या. उतरवायचे की नाही, हा निर्णय कप्तानाचा असतो आणि त्याबाबत त्याला आग्रह करण्याचा आमचा विचारही नाही. हवामानामुळे बेट वगळले गेल्यास परतावा मिळत नाही, ही अट नोंदणी अर्जाच्या पहिल्याच पानावर मराठीत छापलेली आहे.

राहिला तुकड्यांचा प्रश्न. ते मेलेले आणि किनाऱ्यावर पडलेले होते, हे आपले म्हणणे खरे आहे. परंतु ही बेटे मुळात अशाच तुकड्यांची आणि वाळूची बनलेली असून समुद्रसपाटीपासून जेमतेम काही मीटर उंच आहेत. १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये समुद्र तापल्याने तेथील प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडले आणि बरेच मेले, म्हणजे अशा तुकड्यांची नवी भर आधीच मंदावली आहे. शिवाय वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये प्रवाळ संरक्षित आहेत, आणि ते सामानात सापडले असते, तर प्रकरण जप्तीवर थांबले नसते.

मातोश्रींना पुन्हा जायचे असल्यास जहाजाऐवजी कोचीहून विमानाने लक्षद्वीपमधील विमानतळ असलेले अगत्ती बेट गाठावे आणि पावसाळा टाळून डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ निवडावा. प्रवेश परवान्याची कागदपत्रे पुरेशी आधी द्यावीत. त्या सहलीत आमचे सेवाशुल्क आम्ही आकारणार नाही.

आपला,
संचालक