नट तापवा, मान्य. पण बोल्ट अडकलाय कुठे?

नमस्कार,

प्रतिक्रिया सविस्तर लिहिलीत, आभार. तुमचं म्हणणं असं की, गाडीच्या लोअर आर्मचा (चाकाला सांगाड्याशी जोडणाऱ्या खालच्या भागाचा) गंजलेला बोल्ट काढायला मी लेखात उगाच ब्रश, तेल, रात्रभर थांबणं असं लांबण लावलं. रोज हे काम करणारा माणूस नट टॉर्चने, म्हणजे गॅसच्या ज्योतीने, लाल करतो आणि पाच मिनिटांत मोकळा होतो. तेलाचा उपयोग शून्य, आणि माझ्या लेखामुळे नवशिक्यांचा वेळ वाया जातो.

उष्णतेबद्दल तुम्ही बरोबर आहात. लेखात मी तिला दोनच ओळी दिल्या, ती चूक झाली. लोखंडाचा गंज झाला की तो मूळ धातूपेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो. आट्यांमधल्या फटीत तो पाचरीसारखा बसतो आणि तेलाला आत शिरायला वाटच उरत नाही. नट तापला की प्रसरण पावतो. १४ मिमीच्या बोल्टवरचा नट बोल्टपेक्षा ३०० अंश जास्त तापला, तर त्याचं भोक साधारण ०.०५ मिमीने मोठं होतं. एवढ्याने गंजाची पकड तडकते, आणि मग तेलही आत जातं. म्हणून तापवायचा तो नट, बोल्ट नव्हे.

पण तुमच्या सल्ल्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे: बोल्ट आट्यांतच अडकलाय. सस्पेन्शनमध्ये अनेकदा तसं नसतं. बुश म्हणजे आर्मच्या टोकाचा रबरी सांधा; त्याच्या मधोमध पोलादी नळी असते, तिच्याभोवती रबर, आणि बोल्ट त्या नळीतून आरपार जातो. रस्त्यावरचं पाणी त्या अरुंद फटीत शिरतं, साचतं, आणि बोल्ट नळीला पूर्ण लांबीभर चिकटतो. माझ्या स्वतःच्या गाडीवर हे झालं. नट तापवला, सहज निघाला. मग बोल्टच्या डोक्याला लांब दांडा लावला, तर तो थोडा फिरायचा आणि हात सैल केला की स्प्रिंगसारखा मागे यायचा. अर्धा दिवस मी बोल्ट नव्हे, रबर पिळत होतो. इम्पॅक्ट गननेही तेच होतं, कारण प्रत्येक ठोका रबर खाऊन टाकतं.

नवशिक्याने आधी हे ओळखायला शिकावं, असं मला मनापासून वाटतं. जोर काढल्यावर बोल्ट मागे येत असेल तर तो नळीत अडकलाय. तिथे टॉर्च लावली तर रबर पेटतं, आणि शेजारीच ब्रेकचा होज, बॉल जॉइंटचं रबरी बूट, चाकाच्या सेन्सरची वायर असते. शॉक अॅब्सॉर्बरच्या नळकांड्यावर तर ज्योत कधीच नाही. त्यात तेल असतं आणि बहुतेकांत दाबाखालचा वायूही. अशा वेळी मी नवा बोल्ट आणि नवा आर्म हाताशी आहे याची खात्री करतो, मग बुश आणि ते ज्यात बसतं त्या ब्रॅकेटमधल्या फटीतून दोन्ही बाजूंनी बोल्ट कापतो.

नट सबफ्रेमच्या (आर्म जिला जोडलेला असतो त्या पोकळ चौकटीच्या) आत वेल्ड केलेला असेल तर मात्र घाई नको. वेल्ड तुटलं तर नट बंद खोक्यात नुसता गरगरत राहतो, आणि एका बोल्टपायी सबफ्रेम कापून खिडकी पाडावी लागते. तिथे तेल, सहा कोनी सॉकेट, आणि पाव फेरा सैल, थोडा परत घट्ट, पुन्हा सैल, एवढाच धीर कामाला येतो. बाहेर दिसणारे आटे आधी ब्रशने साफ करायचे, नाहीतर नट सुटताना तीच घाण आत ओढून पुन्हा जाम होतो. म्हणून तेलाचा उपयोग शून्य आहे, हे मला पटत नाही.

‘लाल करा’ याबद्दलही थोडं. या बोल्टांवर बहुधा १०.९ हा ताकदीचा दर्जा सांगणारा आकडा असतो. त्यांची ताकद उष्णतेच्या प्रक्रियेतून आलेली असते. लाल होईपर्यंत तापले की ती जाते. लाल झालेला नट-बोल्ट भंगारात टाकायचा, परत बसवायचा नाही. नकल (चाकाचा हब धरणारा सुटा भाग) अॅल्युमिनियमची असेल तर जास्तच जपा, कारण अॅल्युमिनियम वितळण्याआधी लाल दिसत नाही, धोक्याची सूचनाच मिळत नाही. आणि ब्रेक क्लीनर मारलेल्या जागी ज्योत नेऊ नका. क्लोरीनयुक्त क्लीनर तापल्यावर त्यातून फॉस्जीन हा विषारी वायू तयार होऊ शकतो. ही ओळ मूळ लेखात नव्हती, आज घालतो आहे, उष्णतेवरच्या नव्या भागासह.

शेवटी तुम्ही विचारलंत, नव्या बोल्टच्या आट्यांना अँटी-सीझ (जाम होऊ नये म्हणून लावायचं वंगण) का लावू दिलं नाही? कंपनीचा टॉर्कचा, म्हणजे आवळण्याच्या जोराचा, आकडा बहुधा कोरड्या आट्यांसाठी असतो. वंगण लागलं की त्याच टॉर्कला बोल्ट जास्त ताणला जातो. मी ते बोल्टच्या सपाट दांड्याला, म्हणजे नळीत राहणाऱ्या भागाला लावतो. आणि शेवटचं आवळणं गाडीचं वजन चाकांवर आल्यावरच, नाहीतर नवं बुश पहिल्या दिवसापासून पिळलेलं राहतं.