‘पीटर पॅन’चा कायमचा कॉपीराइट? तसं काही नाही

नाटककार जे. एम. बॅरीने आपलं ‘पीटर पॅन’ हे नाटक लंडनच्या मुलांच्या हॉस्पिटलला दान केलं, ही गोष्ट अधूनमधून फिरत असते. तिच्या शेपटाला ‘म्हणून त्याचा कॉपीराइट कधीच संपत नाही’ हेही लटकलेलं असतं. पहिलं खरं. दुसरं चूक, आणि नाटक बसवणाऱ्याने तरी नीट समजून घ्यावी अशी चूक.

नाटक लागलं 27 डिसेंबर 1904ला, ड्यूक ऑफ यॉर्क्स थिएटरमध्ये. निर्माता चार्ल्स फ्रोमन. नटांना उडवायच्या तारा, यंत्रं, मोठा नटसंच; खर्च दांडगा. यंत्र बिघडल्यामुळे शुभारंभच पाच दिवस लांबला होता. पण पुढे ते दर नाताळात लागत राहिलं. एरवीचं नाटक वर्ष-दोन वर्षं गल्ला जमवून थंडावतं. हे दरसाल पिकणारं शेत निघालं. 1929मध्ये बॅरीने ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट या मुलांच्या हॉस्पिटलला रोख रक्कम न देता हे शेतच, म्हणजे नाटकाचे हक्कच, लिहून दिले. उत्पन्नाचा आकडा मात्र बाहेर सांगायचा नाही, ही त्याची इच्छा.

हाच माणूस स्वतःच्या पैशांबाबत ठार गाफील होता. तेव्हा थिएटरची रॉयल्टी एजंट वसूल करायचा, कमिशन कापायचा आणि उरलेली लेखकाला पाठवायचा. वसुली आणि हिशेब एकाच हातात! बॅरीचा एजंट आणि मित्र आर्थर ॲडिसन ब्राइट याने आपल्या लेखकांचे 28,000 पौंड खाल्ले, त्यातले 16,000 बॅरीचे. 1906मध्ये भांडं फुटलं आणि ब्राइटने आत्महत्या केली. ‘बॅरी भोळा होता’ म्हणून हे सोडून देतात, पण मुळात व्यवस्थेलाच भोक होतं.

आता कायदा. बॅरी वारला 1937मध्ये. तेव्हाच्या नियमाने मृत्यूनंतर 50 वर्षं, म्हणजे 1987च्या अखेरीस हक्क संपला. मग माजी पंतप्रधान जेम्स कॅलहन यांनी दुरुस्ती सुचवली (त्यांच्या पत्नी हॉस्पिटलच्या कारभारात होत्या, हे सांगायला हवंच) आणि ब्रिटनच्या 1988च्या कॉपीराइट कायद्यात कलम 301 आलं. ब्रिटनमध्ये नाटकाचा जाहीर प्रयोग, विक्रीसाठी छपाई किंवा प्रसारण केलं की हॉस्पिटलला रॉयल्टी. रक्कम आपसात ठरते. नाही जमलं तर कॉपीराइट ट्रायब्युनल, म्हणजे असे तंटे सोडवणारं न्यायाधिकरण, ठरवतं. पण परवानगी नाकारता येत नाही. कॉपीराइट आणि हे कलम यांतला फरक तो हाच. मला सगळ्यात आवडतं ते त्यातलं कुलूप: हा हक्क दुसऱ्याच्या नावे करायला किंवा गहाण टाकायला गेलात, की तो संपला.

मधे युरोपच्या ‘मृत्यूनंतर 70 वर्षं’ या नियमामुळे ब्रिटनमध्ये 1996 ते 2007 पूर्ण कॉपीराइट जिवंत झाला होता. अमेरिकेत वेगळीच गंमत. तिथे बॅरीने याच गोष्टीवर लिहिलेली 1911ची कादंबरी कधीच मोकळी झाली होती, पण नाटकाची संहिता छापली गेली 1928मध्ये, म्हणून ती 2024 उजाडेपर्यंत अडकून राहिली.

भारतात हक्क 1987च्या अखेरीस संपले. 60 वर्षांची मुदत त्यानंतर आली, ती संपलेल्या हक्काला लागत नाही. तेव्हा पुण्यात रूपांतर खुशाल करा, बॅरीपोटी एक पैसा द्यायला नको. तोच प्रयोग लंडनला नेलात तर मात्र हॉस्पिटलशी आधी बोलून घ्या. कलम रूपांतरालाही लागू आहे, ‘आमचं तर मराठीत आहे’ ही सबब तिथे चालायची नाही.