पचीसीतले पंचवीस कुठले?

पचीसी या कवड्यांनी खेळायच्या पटाच्या खेळावरच्या एका लेखात नावाची फोड दिलीय: पटाच्या एका पट्टीत 24 घरं आणि मधलं घर धरून 25, म्हणून पचीसी. ती पटत नाही. गणित जुळतं खरं, पण नाव दानावरून पडलंय. कवड्या टाकल्या की किती उताण्या पडल्या ते मोजायचं. सगळ्यात मोठं दान पंचवीसचं. तेच दुसरीकडे चौपट किंवा चौसर लांबट फाशांवर खेळतात. पट तोच, फुलीसारखा, पण फाशांनी पंचवीस पडणार कसे? म्हणून तिथे नावात पटाचा आकार आला. आपला सारीपाट तर सोंगट्यांवरून. सारी म्हणजे सोंगटी. 1896 मध्ये इंग्लंडात लुडोचं पेटंट निघालं, कवड्या गेल्या, सहावर सगळं आटोपलं.