शेजाऱ्यांची तोंडं बंद कशी करावीत: शाळेच्या विश्वस्तांसाठी

शाळेमागच्या एकरभर जागेत क्रीडांगण करायचं ठरलंय? अभिनंदन. आता भिंतीपलीकडची सोसायटी हरकती घेऊन येणार. घाबरू नका. परवाच एका शाळेने अशी सभा उरकली: दीपप्रज्वलन, सत्कार आणि मनोगतं चाळीस मिनिटं, हरकतींना सात. तो कित्ता गिरवावा.

सभा मंगळवारी सकाळी अकराला ठेवा. नोटीस आदल्या रात्री, फाटकाच्या आतल्या बाजूला.

कोणीही काहीही विचारलं तरी उत्तर एकच: "मुलांनी खेळायचंच नाही का?" मुलांचा आवाज सहन न होणारे दोन आजोबा प्रत्येक सोसायटीत असतातच. बाकीच्या सगळ्यांना त्यांच्याच बाकावर बसवा.

नकाशा रंगीत हवा. हिरवळ, झाडं, उडी मारणारी मुलगी, सगळं दाखवा. फक्त लेव्हल, म्हणजे भराव टाकून जमीन किती उंच होणार ते, लिहू नका. लेव्हल लिहिली की कोणीतरी पाण्याचं विचारतो, आणि तिथेच घोळ होतो. भराव म्हणून फुकटात मिळणारा राडारोडा आणा, दोन-तीन फूट टाका, वरून मुरूम पसरा. सहा-सहा इंचांचे थर देऊन, पाणी मारून, प्रत्येक थरावर रोलर फिरवणं वगैरे लाड करू नका. पहिल्या पावसात राडारोडा बसेल, खड्डे पडतील. पडू देत. एकरभर जागेवर दोन इंच पाऊस पडला तर दोन लाख लिटर होतो, म्हणजे दहा हजारांचे वीस टँकर. दाबलेला मुरूम त्यातलं फारसं पीत नाही. मग ते जाणार कुठे? शेजारच्या पार्किंगमध्ये! भिंतीच्या आतून कडेने गटार, शंभराला एक उतार, गाळ अडवायला चेंबर आणि तिथून पावसाळी लाइनला जोड, एवढंच तर काम आहे. पण नाही. फारच ओरड झाली तर पाइप मैलापाण्याच्या लाइनला जोडायचा, म्हणजे चेंबरची झाकणं उचलली जाऊन सगळ्या गल्लीला प्रसाद. आणि ती नऊ इंची कंपाउंडची भिंत! ती हद्द दाखवायला बांधलेली असते हो, तीन फूट ओली माती पेलायला नाही. २०१९ च्या पावसाळ्यात कोंढव्यात आणि मालाडला भिंती कोसळून माणसं मेली, तेवढ्यावरही शिकायचं नसेल तर काय बोलणार?

असो. पुढची सूचना.

धूळ उडते म्हणाले तर लाल मातीचे औषधी गुण सांगा. सकाळ-संध्याकाळ पाणी मारण्याचा विषय काढू नका.

क्रिकेटची खेळपट्टी उत्तर-दक्षिण ठेवली तर फलंदाजाच्या डोळ्यांत ऊन येत नाही. तुम्ही ती खिडक्यांकडे तोंड करून ठेवा. जाळी कंबरेइतकी.

शाळेभोवतीचे शंभर मीटर शांतता क्षेत्र असू शकतात, दिवसा मर्यादा ५० डेसिबल, हे इतरांना शिकवण्यासाठी असतं. पीटीच्या सरांचा स्पीकर सकाळी सातला सोसायटीकडेच तोंड करून लावावा.

आणि हो, दिव्यांचे उंच खांब. ते कशासाठी, हे मात्र

नाही, हे आता सरळच विचारतो. पाचवीतली मुलं रात्री साडेदहाला खेळतात का? तासाच्या भाड्याने बॉक्स क्रिकेट चालवायचंय, लग्नाला लॉन म्हणून द्यायचंय, तर तसं कागदावर लिहा ना! मैदानाला कोणाचाच विरोध नाही. त्या सोसायटीतली निम्मी मुलं तुमच्याच शाळेत आहेत, लाज वाटायला हवी तुम्हाला. शाळा सुटल्यावर तिथे काय चालणार, दिवे किती वाजता बंद होणार, भाडं घेणार की नाही, पाणी कुठे काढणार, या चार गोष्टी सहीशिक्क्यानिशी लिहून द्यायला कसली सभा लागते? त्या आजोबांच्या आड लपू नका. भरावाचा पहिला ट्रक आत यायच्या आधी गटार खणा.