नाव लावा, रांग लावा

लग्न झालं, आडनाव बदललं, तांदळात अंगठीने नवं नाव कोरून झालं आणि त्याचा फोटो नणंदेने स्टेटसला टाकूनही झाला. आता न्यू जर्सीला परत आलात की एक बारीकसं काम तेवढं उरकून टाका. अमेरिकन सरकारला सांगायचंय की कालपर्यंत जिच्यावर सरकारचा विश्वास होता ती बाई आणि ही बाई एकच आहे.

विश्वास हा शब्द माझ्या पदरचा नाही. अमेरिकेत उतरल्यावर तपासणीची लांब रांग चुकवणाऱ्या ग्लोबल एंट्रीसारख्या योजनांना सरकारच ‘ट्रस्टेड ट्रॅव्हलर’, म्हणजे विश्वासू प्रवासी, म्हणतं. ग्लोबल एंट्रीसाठी तुम्ही अर्ज केलात, मागचापुढचा इतिहास तपासून घेतलात, दहा बोटांचे ठसे दिलेत, गणवेशातल्या माणसासमोर मुलाखतीला बसलात आणि फी भरलीत. ती ऑक्टोबर 2024 पर्यंत 100 डॉलर होती, आता 120 आहे. त्याबदल्यात पाच वर्षांचा विश्वास मिळाला. मुंबईहून सोळा तास आंबून उतरल्यावर बाकीची जनता सापासारख्या वळणाच्या रांगेत उभी असताना तुम्ही यंत्रासमोर तोंड दाखवून दोन मिनिटांत बाहेर. ग्रीन कार्डवाल्यांना हे सुख आधीपासून होतं, नुसत्या भारतीय पासपोर्टवाल्यांना ते 2017 साली मिळालं. त्यातले पहिले सदस्य खुद्द आपले तेव्हाचे राजदूत नवतेज सरना होते. म्हणजे बघा, केवढ्या मानाच्या पंगतीत तुमचं पान मांडलं होतं.

हा विश्वास तसा नाजूक. आईने बॅगेत कोंबलेला एक हापूस तुम्ही जाहीर न करता आणलात आणि सापडलात, तर दंड होतो आणि सदस्यत्वही जाऊ शकतं. लग्नाने मात्र ते जात नाही हं, गैरसमज नको. सदस्यत्व जागच्या जागी असतं. फक्त ते ज्या बाईचं होतं ती बाई सापडेनाशी होते.

तर पहिला सल्ला असा, की सुरुवात ग्लोबल एंट्रीपासूनच करा. वेबसाइट उघडा. पत्ता बदललाय? स्वतः बदला. पासपोर्टचा नंबर बदललाय? तोही स्वतः घाला, कोणी विचारणार नाही. आता उत्साहाने नावाच्या रकान्यावर क्लिक करा. काही होणार नाही. पुन्हा करा. पासपोर्टचा अख्खा नंबर तुम्ही घरी बसून, पायजम्यात, वरणाला फोडणी देता देता बदलू शकता. नाव बदलायला मात्र एनरोलमेंट सेंटरला, म्हणजे या योजनेच्या नोंदणी कचेरीत, जातीने हजर व्हावं लागतं, नव्या नावाची कागदपत्रं घेऊन.

आणि नव्या नावाची कागदपत्रं तुमच्याकडे नाहीतच. म्हणून दुसरा सल्ला, पहिला विसरा.

आधी सोशल सिक्युरिटी, म्हणजे अमेरिकेतला ओळख क्रमांक देणारं खातं. फॉर्म एसएस-5, फुकट. तिथे लग्नाचं प्रमाणपत्र दाखवायचं. आपल्या महापालिकेच्या प्रमाणपत्रावर वधूचं लग्नाआधीचं नाव असतं. लग्न झालं हे त्यावरून सिद्ध होतं, लग्नानंतर तुमचं काय झालं हे त्यात कुठेही लिहिलेलं नसतं. त्यातून तुम्ही मराठी. मराठी बाईचं लग्नानंतर एकट्या आडनावावर भागत नाही, मधलं नावही बदलतं, वडील उठतात आणि त्या जागी नवरा बसतो. आता गंमत पाहा. सोशल सिक्युरिटी खात्याच्या लेखी मधलं नाव हा कायदेशीर नावाचा भागच नाही. असलं काय, नसलं काय. लग्नात ज्याच्यासाठी तुम्ही पाच उखाणे पाठ केलेत, तो खिडकीपलीकडच्या बाईंच्या दृष्टीने एक पर्यायी रकाना आहे.

भारतीय पासपोर्टला मात्र नवरा चालतो, नव्हे, फारच चालतो. तिथे रकाने दोनच, आडनाव आणि ‘दिलेलं नाव’. तेव्हा मधलं नाव पहिल्या नावाला जाऊन चिकटतं. समजा तुम्ही मृण्मयी आणि ते केदार, तर तुमचं पहिलं नाव झालं ‘मृण्मयी केदार’. विमान कंपनीच्या यंत्राला मधली मोकळी जागा सोसत नाही, त्यामुळे बोर्डिंग पासवर येतं ‘मृण्मयीकेदारमिसेस’. इतकी जवळीक सप्तपदीनेही साधली नव्हती.

याच रकान्यांवरून मला महाराष्ट्र सरकारचं कौतुक करावंसं वाटतं. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचंही नाव घालायचं ठरलंय. आधी मुलाचं, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव. निर्णय चांगलाच आहे, मी मनापासून बाजूने आहे. फक्त ही मुलगी पंचवीस वर्षांनी लग्न करून नेवार्कला उतरेल तेव्हा तिच्या पहिल्या नावात आई आणि बाबा असे दोघंही बसलेले असतील, आणि त्यांना उठवून नवऱ्याला जागा करून देताना कारकुनाची जी काय अवस्था होईल, ती बघायला मी त्या खिडकीशी असावं अशी इच्छा आहे.

बरं, पासपोर्ट. तो कॉन्सुलेटकडून नव्याने काढून घ्यायचा. नवा पासपोर्ट म्हणजे नवा नंबर, आणि जुना कोपरा कापून परत मिळतो. कोपरा कापलेला पासपोर्ट हातात आला की क्षणभर वाईट वाटतं. त्यातल्या फोटोतली मुलगी तशी हुशार दिसत होती. तो फेकू मात्र नका, जुने व्हिसा त्यात असतात. मग लायसन्स. न्यू जर्सीत त्यासाठी ओळखीचे ‘सहा गुण’ लागतात. अमुक कागदाला इतके गुण, तमुक कागदाला इतके, बेरीज सहा झाली की पास. दहावीनंतर गुणांसाठी इतकी धाकधूक मला झाली नव्हती. मग ग्रीन कार्ड. फॉर्म आय-90, ऑनलाइन भरलात तर 415 डॉलर, कागदावर भरलात तर 465. आणि मग वाट पाहा.

वाट पाहण्याच्या या काळात तुमची अवस्था साधारण अशी असते: पासपोर्ट सासरचा, ग्रीन कार्ड माहेरचं, लायसन्स सासरचं, ग्लोबल एंट्री माहेरची, ईमेल आयडी कॉलेजातला. या काळात प्रवास अवश्य करा. त्याशिवाय आपण नेमक्या कोण हे कळायला मार्ग नाही. लग्नाचं प्रमाणपत्र हँडबॅगेत ठेवा, मूळ प्रत आणि दोन झेरॉक्स. लॅमिनेशन करू नका. (माझ्या सासऱ्यांनी प्रेमाने करून दिलं होतं. एका खिडकीवर त्याकडे बनावट नोटेसारखं उजेडात धरून पाहिलं गेलं.)

तिकीट काढताना नऊ आकडी सदस्य क्रमांक घालायला विसरू नका. तो घातला की देशांतर्गत प्रवासातही सुरक्षा तपासणीची वेगळी, छोटी रांग मिळते. अट इतकीच की तिकिटावरचं नाव, जन्मतारीख आणि सदस्यत्वावरचं नाव, जन्मतारीख जुळायला हवी. तिकीट सासरचं देशमुख आणि क्रमांक माहेरचा सहस्रबुद्धे असं झालं की बोर्डिंग पासवर त्या रांगेची छोटी खूण उमटत नाही. का उमटली नाही हे कोणी सांगत नाही. खूण नसते, एवढंच. मग तुम्ही लांब रांगेत. पट्टा काढा, लॅपटॉप काढा, शाम्पूच्या बाटल्या काढा. चपला तेवढ्या पायात राहतात, कारण जुलै 2025 पासून त्या कोणालाच काढाव्या लागत नाहीत. बाकी सहस्रबुद्धे ते देशमुख म्हणजे इंग्रजीत तेरा अक्षरांवरून आठ अक्षरांवर आलात. टंकनाचे कष्ट वाचले, तोही एक फायदा धरा.

केदाररावांची रांग वेगळी. त्यांचं नाव बारशाला जे ठेवलं तेच. सोशल सिक्युरिटीत तेच, पासपोर्टवर तेच, ग्लोबल एंट्रीत तेच. लग्नाने त्यांच्या कागदपत्रांत पडणारा फरक म्हणजे पासपोर्टच्या शेवटच्या पानावर पत्नीचं नाव, आणि ते पान विमानतळावर कोणी उघडत नाही. ते दोन मिनिटांत पलीकडे जातात आणि तिथून हात करतात. त्यांच्यावर चिडू नका. त्यांनी काही केलेलं नाही. त्यांना काहीच करावं लागलेलं नाही.

कागद जमले? आता सेंटर. न्यूयॉर्क परिसरात विमानतळांवर सेंटरं आहेतच, पण जमलं तर मॅनहॅटनला बोलिंग ग्रीनच्या जुन्या कस्टम हाउसमध्ये जा. इमारत देखणी आहे, आणि त्याच इमारतीत अमेरिकन इंडियन लोकांचं राष्ट्रीय संग्रहालय आहे. तिथल्या पायऱ्यांवर बसून डबा खाताना माझ्या मनात आलं, की आपण फारच घाई करतोय. कोलंबस 1492 साली चुकीच्या किनाऱ्याला लागला, समोरच्या माणसांना त्याने इंडियन म्हटलं, आणि ते नाव पाचशे वर्षांनंतरही अद्ययावत झालेलं नाही. उलट संग्रहालयाच्या पाटीवर कोरलं गेलं. त्या पाटीखालून खऱ्याखुऱ्या इंडियन बायका प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये लग्नाचं प्रमाणपत्र घेऊन आत जातात, आपलं नाव बरोब्बर करून घ्यायला.

जाण्याआधी आपल्या सेंटरला वेळ घेऊन जायचं की थेट, हे पाहून ठेवा, सगळीकडे एकच रीत नाही. आत गेलात की नम्र राहा, पण ‘आणखी कोणकोणती नावं वापरली आहेत’ या प्रश्नाला तयार राहा. अर्जातही हा रकाना असतो. याला आपल्याकडे ‘ऊर्फ’ म्हणतात, आणि मराठी वर्तमानपत्र वाचून मोठ्या झालेल्या बाईला तो शब्द फक्त पोलीस कोठडीच्या बातमीतून माहीत असतो. आता तुम्हीही ऊर्फवाल्या. मृण्मयी विनायक सहस्रबुद्धे ऊर्फ मृण्मयी केदार देशमुख. इथे प्रामाणिकपणा किती ताणायचा हे तुम्ही ठरवा. तांदळातलं नाव सांगायचं का? माझ्या सासूबाईंच्या ताटात मी ‘केतकी’ झाले होते, जेमतेम आरती होईपर्यंत. तांदूळ डब्यात परत गेले, नाव त्यांच्याबरोबर गेलं. मी ते सांगितलं नाही. शिवाय ‘मृ’ आहे. तो इंग्रजीत एका कागदावर एमआरयू, दुसऱ्यावर एमआरआय. माझ्या पदवीच्या प्रमाणपत्रावर तर विद्यापीठाने तिसराच पर्याय शोधून काढला आहे, तो मी दाखवतच नाही.

इथे वातावरण हलकं करायला एखादा उखाणा हाताशी असू द्या. माझा वापरायला हरकत नाही:

नऊ आकडी नंबर माझा, थांबा म्हणतात थोडं,
केदाररावांचं नाव लावलं आणि इथेच अडलं घोडं!

अधिकाऱ्याला कळणार नाही. पण मागच्या रांगेत एखादी ठाण्याची किंवा सांगलीची असतेच, ती हसते.

प्रत्यक्ष काम म्हणाल तर दहा मिनिटांचं. कागद बघतात, टाइप करतात, कॅमेऱ्याकडे बघायला सांगतात. या कॅमेऱ्याचं मला मोठं नवल वाटतं. विमानतळावरचं नवं यंत्र पासपोर्टही न मागता नुसत्या चेहऱ्यावरून तुम्हाला ओळखतं. हळदीचा चेहरा असो, जेट लॅगचा असो, सोळा तासांच्या सुजेचा असो, ओळखतं. नाक तेच, कपाळ तेच, दहाही बोटं तीच. मी अधिकाऱ्याला विचारलंही, की चेहरा जुळतोय, ठसे जुळतायत, मग अडलं कुठे? तो चांगला माणूस होता. म्हणाला, “मॅडम, नाव जुळत नाही ना.”

मग मेल आला, माहिती अद्ययावत झाली म्हणून. तो उघडून नवऱ्याला दाखवा, आईला पाठवा, फ्रिजवर लावा. वाटल्यास नव्या नावाचं कार्डही मागवा. त्याचे 25 डॉलर वेगळे, आणि विमानतळावर त्याचं काही काम नसतं, ते जमिनीवरून किंवा समुद्रमार्गे येणाऱ्यांसाठी. पण इतक्या खटाटोपानंतर हातात काहीतरी नको का?

आता तुम्ही पुन्हा विश्वासू. बेधडक निघा. मीही निघाले, पुढच्याच महिन्यात, शिकागोला. तिकिटं नवऱ्याने काढली होती, विमान कंपनीकडच्या माझ्या जुन्या मैलांच्या खात्यातून, कारण त्यात मैल साठले होते. त्या खात्यात मी अजून सहस्रबुद्धे होते. पासपोर्ट, लायसन्स, ग्लोबल एंट्री, सगळी देशमुख, आणि तिकीट एकटं माहेरी राहिलेलं. बोर्डिंग पासवर खूण नव्हती. काउंटरवर लग्नाचं प्रमाणपत्र काढलं, त्यांनी कुठेतरी फोन लावला, तिकिटावरचं नाव बदललं, खूण काही उमटली नाही. नवरा छोट्या रांगेतून पलीकडे गेला आणि तिथून मेसेज केला, “कॉफी घेऊन ठेवू का?”

नको म्हटलं, येतेच. पस्तीस मिनिटांनी पट्टा, लॅपटॉप आणि शाम्पू गोळा करून मी कॉफीच्या काउंटरला पोचले. पोराने कप उचलला, मार्करचं टोपण काढलं आणि नाव विचारलं.

मी ‘मीना’ सांगितलं. पुरावा मागितला नाही.